भास्कराचार्यांचे माप

गेल्या दिवाळीत नातवाने अंगणात किल्ला केला. मावळा चार अंगुळांचा आणि महादरवाजा तीन! मला भास्कराचार्य आठवले.

त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा. वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ त्यातलाच भाग. तीत आठ यवांचे अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात ही मापे आधी, त्रैराशिक नंतर. तेच मी नातवाला सांगितले. साडेतीन हातांचा देह म्हणजे 84 अंगुळे. मावळा चारांचा, तर प्रमाण एकास एकवीस. मग सात हातांचा दरवाजा आठ अंगुळे हवा. पोराने मुकाट्याने दरवाजा पाडला.

वयाच्या 69 व्या वर्षी आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

त्यांचे विज्जलविड म्हणजे आपले बीड, असे आम्ही बीडकर छाती फुगवून सांगतो. पण आचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे म्हटले आहे, आणि काही अभ्यासक पाटणकडे बोट दाखवतात. अभिमानालाही प्रमाण हवेच. आमच्या अंगणातला दरवाजा त्यांच्या मापाने उभा राहिला, एवढे नाते मला पुरे.