लोक जिला मेली समजत होते, तिनेच ‘जेन आयर’मधल्या वेड्या बायकोची बाजू मांडली

साल १९४९. ब्रिटनच्या ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात एक छोटीशी जाहिरात आली. जीन ऱ्हीस या लेखिकेचा पत्ता कुणाला माहीत आहे का?

सेल्मा वाझ डायस या अभिनेत्रीला तिच्या कादंबरीचं नाट्यरूपांतर करायचं होतं, पण परवानगी मागायला लेखिकाच सापडेना. दहा वर्षांत तिचं एकही पुस्तक आलं नव्हतं. ती वारली, असाच अनेकांचा समज होता.

जाहिरातीला उत्तर आलं ते खुद्द ऱ्हीसकडून.

तिचा जन्म १८९०चा, कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचा. वडील वेल्श डॉक्टर. आईचं घराणं पिढ्यानपिढ्या तिथलंच, गोरं, एकेकाळी गुलाम बाळगणारं. सोळाव्या वर्षी तिला इंग्लंडला शिकायला पाठवलं. तिथे तिच्या बोलण्याच्या ढंगाची टिंगल झाली, त्यापायी नाट्यशाळाही सुटली. मग नाटकमंडळीत कोरस गर्ल, पुढे पॅरिस, चार कादंबऱ्या, दारू, कर्ज. १९३९नंतर ती वाचकांच्या नजरेआडच झाली.

एक गोष्ट मात्र तिला छळत होती. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन आयर’मध्ये (१८४७) नायक रॉचेस्टरची पहिली बायको बर्था माळ्यावर कोंडलेली असते. ती जमैकाची. गुरगुरते, हसते, घराला आग लावते. पण स्वतःबद्दल एक वाक्य तिच्या तोंडी नाही. ऱ्हीसला ही बाई ओळखीची वाटली. अशाच घरात तर ती वाढली होती!

‘वाइड सारगासो सी’मध्ये ती आधी आंत्वानेत असते. लग्न होताच तिची संपत्ती इंग्रज कायद्याने नवऱ्याची होते. मग तो तिचं नावही बदलून बर्था करतो. गंमत म्हणजे, अख्ख्या कादंबरीत ऱ्हीसने नवऱ्याला नावच दिलेलं नाही.

लिहायला जवळपास नऊ वर्षं लागली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात पैशांची चणचण. १९६४मध्ये पुस्तक संपवायला लंडनला आली, तर हृदयविकाराचा झटका आला. १९६६मध्ये कादंबरी छापून आली तेव्हा ती ७६ वर्षांची होती. नवरा त्याच वर्षी, काही महिने आधी गेला होता. पुढच्या वर्षी डब्ल्यू. एच. स्मिथ पुरस्कार मिळाला. हे सगळं फार उशिरा आलं, असं तिने सांगून टाकलं.

१४ मे १९७९ रोजी ती गेली, तेव्हा तिचं आत्मचरित्र अर्धवटच होतं.