काही आठवड्यांसाठी गेले, 16 वर्षं राहिले: मोलोकाईचे फादर डेमियन

मे 1873. हवाई बेटांवरच्या कॅथलिक बिशपांपुढे एक पेच होता. मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरुग्णांच्या वस्तीत चर्च होतं, पण तिथे राहणारा धर्मगुरू नव्हता. एखाद्याला कायमचं पाठवणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणं. शेवटी चार जणांनी स्वेच्छेने आळीपाळीने जायचं ठरलं. पहिला क्रमांक 33 वर्षांच्या फादर डेमियन यांचा होता. ते गेले ते परतलेच नाहीत.

डेमियन मूळचे बेल्जियमचे. 3 जानेवारी 1840 रोजी त्रेमेलो गावात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हवाईला खरं तर त्यांचा भाऊ जाणार होता. तो आजारी पडला, म्हणून 1864 मध्ये हे गेले. पुढची नऊ वर्षं हवाईच्या मोठ्या बेटावर गावोगाव फिरत त्यांनी स्वतःच्या हातांनी छोटी चर्चेस उभारली.

मोलोकाईवरची वस्ती कशी होती?

1865 च्या कायद्याने हवाईत कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवायला सुरुवात झाली. त्यासाठी निवडलेल्या जागेच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळसोट कडा होता. तिथे आणून सोडलेल्या माणसांकडे धड निवारा नव्हता, पाणी लांबून आणावं लागे. तरी ही माणसं हातपाय गाळून बसली नव्हती. 1866 मध्येच रुग्णांनी स्वतःचं प्रोटेस्टंट चर्च स्थापन केलं होतं.

डेमियन यांनी पहिल्या रात्री एका झाडाखाली काढल्या. रुग्णांना हात लावायचा नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. ती त्यांनी फार काळ पाळली नाही. ते जखमा धुवत, पट्ट्या बांधत आणि रुग्णांसोबत एकाच भांड्यातून जेवत. रुग्णांच्या मदतीने त्यांनी घरं बांधली, पाण्याचे नळ आणले, अनाथ मुलांसाठी निवारा उभारला. शवपेट्याही तेच तयार करत. प्रार्थनेच्या वेळी रुग्णांना वारंवार थुंकावं लागे. लाजेने कोणी चर्च टाळू नये म्हणून त्यांनी लाकडी फरशीला भोकं पाडली.

हे सगळं आजाराचं नीट ज्ञान नसतानाच्या काळातलं. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तोही 1873 मध्येच. औषध यायला अजून अनेक दशकं होती.

डिसेंबर 1884 मध्ये डेमियन यांनी कढत पाण्यात पाय बुडवला. कातडी भाजली, पण वेदना झाली नाही. काय झालंय हे त्यांना कळून चुकलं. तरी काम थांबलं नाही. शेवटच्या वर्षांत जोसेफ डटन आणि मदर मरियान कोप मदतीला आले. 15 एप्रिल 1889 रोजी, 49 व्या वर्षी डेमियन यांचं निधन झालं.

त्यांच्यावर टीकाही झाली. एका पाद्र्याने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेव्हा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी जाहीर पत्रातून त्याला कडक उत्तर दिलं.

सक्तीच्या विलगीकरणाचा तो कायदा 1969 मध्ये संपला. 2009 मध्ये चर्चने डेमियन यांना संतपद दिलं. त्यांचा देह 1936 मध्येच बेल्जियमला नेण्यात आला होता. पण 1995 मध्ये त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत आणून तिथल्या मूळ कबरीत पुरण्यात आला. रुग्णांना लावू नये असं ज्याच्याबद्दल बजावलं होतं, तोच हात.