बंदीला पुरून उरलेली लिली पार

फुटबॉल हा आपल्या बेटाचा आवडता खेळ. संध्याकाळी गावच्या मैदानावर मुले खेळतात, बायामाणसे कडेला उभी राहून पाहतात. पण एखादी मुलगी चेंडूमागे धावू लागली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. अशा घरांसाठी आम्ही आज लिली पार या इंग्रज खेळाडूची कथा सांगत आहोत.

लिलीचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी इंग्लंडमधील सेंट हेलेन्स या गावी, एका गरीब कामगाराच्या घरी झाला. घरात सात भावंडे. शिवणकाम-स्वयंपाकात तिचे मन रमेना. भावांबरोबर मोकळ्या जागेत खेळून ती तरबेज झाली. तिच्या डाव्या पायाचा फटका भल्याभल्या पुरुषांना जमत नसे.

त्या वेळी प्रेस्टन शहरात डिक-कर नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि दारूगोळा तयार करण्याचे काम बायकांवर आले. या कामगार बायकांनीच आपला फुटबॉल संघ उभा केला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सामना खेळला, तेव्हा दहा हजार लोक आले. १९२० साली लिली या संघात आली. वय अवघे चौदा-पंधरा!

त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला. प्रेक्षक होते ५३ हजार, आणि हजारो लोक जागेअभावी बाहेरच राहिले. आपले क्यूरपीपचे जॉर्ज पंचम स्टेडियम एवढ्या लोकांनी कितीतरी वेळा भरले असते. जमलेला पैसा गोरगरिबांच्या मदतीसाठी गेला.

पण हे यश काहींना खुपले. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सभासद क्लबांची मैदाने बायकांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असे कारण दिले. जमलेल्या पैशांतला फार मोठा भाग खर्चात जातो, असा ठपकाही ठेवला. ज्यांनी लोकांसाठी घाम गाळला त्यांनाच हे ऐकावे लागले.

लिली आणि तिच्या मैत्रिणी मात्र घरी बसल्या नाहीत. मिळेल त्या मैदानावर त्या खेळल्या. १९२२ साली त्या आगबोटीने अटलांटिक ओलांडून गेल्या. कॅनडाने खेळू दिले नाही, तेव्हा अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी सामने खेळून त्यांतले काही जिंकल्या. पुढे लिलीने इस्पितळात परिचारिकेची नोकरी धरली. दिवसा रुग्णसेवा आणि सवडीने खेळ, असे तिने १९५१ पर्यंत चालविले.

बंदी १९७१ साली उठली. तोवर पन्नास वर्षे लोटली होती आणि तो संघही १९६५ मध्ये बंद पडला होता. २४ मे १९७८ रोजी लिली वारली. २००२ साली इंग्लंडच्या फुटबॉल कीर्तिमंदिरात स्थान मिळविणारी ती पहिली महिला ठरली आणि २०१९ मध्ये मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा उभा राहिला.

मान मिळाला, पण तो पाहायला ती नव्हती. बंदीत गेलेल्या त्या पन्नास वर्षांत किती मुलींचे पाय घरात अडकून पडले असतील, याचा हिशेब कोण देणार? म्हणून आमचे वाचकांना सांगणे इतकेच, की आपल्या घरच्या लेकीला मैदान हवे असेल तर ते आजच द्यावे. पुतळ्याची वाट पाहू नये.