वाकड्या पायांचा गारिंचा

ब्राझील देशातील पाउ ग्रांदे या गावी १९३३ साली जन्मलेल्या गारिंचाचे दोन्ही पाय एकाच बाजूस वाकलेले होते. कापडगिरणीत काम करीत तो फुटबॉल खेळे. १९५३ साली बोताफोगो संघाने त्याची परीक्षा घेतली. समोर राष्ट्रीय संघाचा निष्णात बचावपटू निल्टन सांतोस! गारिंचाने त्यालाच चकविले. मग सांतोसनेच त्याला संघात घ्यावयास सुचविले.

चेंडूपाशी थबकून अंग डावीकडे झुकवावयाचे आणि बचावपटूचा तोल ढळताच उजवीकडून निसटावयाचे, ही त्याची नेहमीची हूल. कबड्डीतला चढाईवीर देतो तशीच! ती सर्वांस ठाऊक होती; पण तो निसटण्याचा क्षण कोणास साधत नसे. १९६२ च्या विश्वचषकात पेले जखमी झाला. तेव्हा गारिंचाने चार गोल केले आणि ब्राझीलने विश्वचषक राखला. १९८३ साली, अवघ्या ४९ व्या वर्षी, तो निवर्तला.