परंड्याचा वजीर आणि खडकीचे पाणी

परंड्याचा भुईकोट किल्ला पाहावयास येणाऱ्या माणसाला तेथील तोफा दाखविल्या जातात. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ एके काळी याच किल्ल्यात होती, हेही आवर्जून सांगितले जाते. या किल्ल्यात एका बुडालेल्या राज्याची पुन्हा उभारणी झाली, आणि ती करणाऱ्याने पुढे मराठवाड्यातील एका मोठ्या शहराला पाणी दिले, ही हकीकत मात्र धाराशिव जिल्ह्यातही फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. तो पुरुष म्हणजे मलिक अंबर.

1600 साली अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजांच्या हाती पडला. चांदबिबी मारली गेली, बालवयीन सुलतानाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली आणि निजामशाही संपली असे सर्वांनी गृहीत धरले. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या या हबशी सरदाराने राजवंशातील मुर्तझा नावाच्या तरुणाला परंड्यास तख्तावर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभाराची सूत्रे स्वतःकडे घेतली. राजधानी नाही, खजिना नाही, मुलूख अर्धा मोगलांकडे, उरलेल्यातही राजू दखनीसारखे प्रतिस्पर्धी. अशा स्थितीत आरंभलेला हा डाव त्याने सव्वीस वर्षे चालविला.

त्याचा जन्म 1548 च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. बालपणीचे नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान आणि बगदाद येथील बाजारांतून फिरत मीर कासीम नावाच्या धन्याकडे आला. त्या धन्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही मूळचा गुलामच; त्यामुळे दौलतीचा कारभार कसा चालतो, वसूल कोठून येतो आणि कोठे मुरतो, हे या तरुणाला आतून पाहावयास मिळाले असले पाहिजे. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला, काही वर्षे विजापूरकरांच्या चाकरीत राहिला आणि 1595 च्या सुमारास थोडेसे स्वार बरोबर घेऊन पुन्हा निजामशाहीत आला.

शाळेतील इतिहासात मलिक अंबर येतो तो गनिमी काव्याचा सेनानी म्हणून. ते रास्तच आहे. मराठा पथके हाताशी धरून त्याने मोगलांना दख्खनमध्ये जेरीस आणले, आणि 1624 साली भातवडीच्या लढाईत मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांचा एकदम पराभव केला. जहांगीराला त्याचा इतका राग होता की, प्रत्यक्षात कधी हाती न लागलेल्या या शत्रूच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. परंतु फौज काही हवेवर लढत नाही. सव्वीस वर्षे युद्ध चालविणाऱ्या राज्याकडे पैसा कोठून आला, हा प्रश्न विचारला म्हणजे दुसरा मलिक अंबर दिसू लागतो.

त्याने गावे मक्त्याने देण्याची पद्धत मोडली. मक्तेदार सरकारात ठराविक रक्कम भरतो आणि रयतेकडून हवे तितके उकळतो; सरकारला वसूल मिळतो, पण गाव ओस पडते आणि पुढील वर्षी वसूलच राहत नाही. त्याऐवजी जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्यात आला. आरंभी तो पिकाच्या वाट्याने घेतला जाई. काही हंगामांचा अनुभव जमा झाल्यावर त्याची रोख रक्कम ठरविण्यात आली, आणि तीही त्या वर्षी प्रत्यक्ष लागवडीखाली असलेल्या जमिनीप्रमाणे. पाटील-कुलकर्ण्यांची वतने सांभाळून वसुलीची जबाबदारी गावाच्या यंत्रणेवर टाकली गेली. मलिकंबरी धारा या नावाने ही व्यवस्था पुढे कित्येक पिढ्या ओळखली गेली. अवर्षणाच्या प्रदेशात सारा पिकाबरोबर खाली-वर होऊ देणे यात दयेपेक्षा हिशेब अधिक होता, आणि तो हिशेब बरोबर होता.

त्याला साधू ठरविण्याचे कारण नाही. परंड्यास ज्याला तख्तावर बसविले त्या मुर्तझाला 1610 मध्ये विष देऊन दूर केल्याचा ठपका इतिहासकार त्याच्यावर ठेवतात. स्वतः गुलामीतून वर आलेल्या या माणसाने आपल्या फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेतले, हेही खरे आहे.

त्याच 1610 च्या सुमारास त्याने दौलताबादजवळच्या खडकी या खेड्याच्या जागी शहर वसविले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही तेथील वस्त्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली, असे परंपरा सांगते. सरदाराला जागा नेमून द्यावी, त्याने आपली माणसे आणून वसवावी आणि पुऱ्यांच्या जोडणीतून शहर उभे राहावे, अशी ही रीत होती. शहर वसते न वसते तोच 1616 मध्ये मोगलांनी ते जाळले. अंबरने ते पुन्हा उभे केले.

वस्ती करणे हे त्या मानाने सोपे काम होय. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. खाम नदीचे पाणी बारमाही भरवशाचे नाही. फौजफाटा, कारागीर, व्यापारी आणि जनावरे यांना पुरेल इतके पाणी विहिरींतून निघणे कठीण. यावर अंबरने जो उपाय केला तो नहर-ए-अंबरी या नावाने प्रसिद्ध आहे. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला, उंचावरील जमिनीत झिरपणारे पाणी भूमिगत दालनांत गोळा करावयाचे आणि बंदिस्त चुनेगच्ची नाल्यातून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणावयाचे, ही ती योजना. वाटेत ठराविक अंतरावर विहिरीच्या तोंडासारखी विवरे ठेवलेली होती. त्यांतून हवा खेळती राही, आणि माणूस आत उतरून गाळ काढू शके. शहरात उंच मनोरे होते. त्यांत पाणी चढे, दाब मोडे आणि तेथून खापरी नळांनी हौदांकडे वाटले जाई. उघडा कालवा नसल्याने पाणी उन्हाने आटत नसे आणि सहजी घाणही होत नसे. ही योजना हास्यास्पद ठरेल असे दरबारातील काही विद्वानांचे मत होते, अशी आख्यायिका आहे. योजना कोणतीही असो, असे मत देणारे विद्वान तिला लाभतातच.

ही विद्या अंबरच्या पदरची नव्हती. अहमदनगरचे खापरी नळ त्याने पाहिलेले होते. गमतीची गोष्ट अशी की, ज्या अब्दुर्रहीम खानखानानशी तो लढत होता, त्याच्याच कारकिर्दीत 1615 च्या सुमारास बुऱ्हाणपूरला भूमिगत पाण्याची अशीच व्यवस्था उभी राहिली. रणांगणावर समोरासमोर असलेले दोन कारभारी आपापल्या शहरासाठी एकच काम करीत होते.

1626 मध्ये सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन अंबर वारला. त्याच्या मृत्यूची नोंद करताना मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या शासनकौशल्याची मोकळेपणाने स्तुती केली आहे. मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर हे नाव दिले. पण 1633 मध्ये दौलताबाद पडले आणि 1636 मध्ये निजामशाही कायमची नाहीशी झाली. शहराचे नाव पुढे औरंगाबाद झाले, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नहर मात्र तीन शतकांहून अधिक काळ वाहत राहिली, आणि मोगल व निजामी काळात तिला आणखी नहरींची जोड मिळाली. राज्य दहा वर्षांत बुडावे आणि त्याचा पाणीपुरवठा तीनशे वर्षे टिकावा, हे कसे घडले? चुना पक्का होता हे एक कारण. पण नवा धनी आला तरी त्याला तेच पाणी प्यावयाचे होते, म्हणून विवरांतून उतरून गाळ काढणारा माणूस त्याने कामावर ठेवला, हे अधिक मोठे कारण. शिवाय या व्यवस्थेला चालविण्याचा खर्च फारच थोडा होता. पाणी वर चढवावयाचे नव्हते. उतार फुकट काम करीत होता.

आज मराठवाड्यातील नगरपालिकांचे हिशेब नेमके याच ठिकाणी अडतात. धाराशिव बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर, आणि त्याला पाणी आणावयाचे ते भीमेवरील उजनी धरणातून, पंपांनी उपसून. छत्रपती संभाजीनगरलाही जायकवाडीचे पाणी वर चढवावे लागते. जलवाहिनी टाकण्यास राज्याचे वा केंद्राचे अनुदान मिळते. वीजबिल, गळती, दुरुस्ती आणि कर्मचारी यांचा भार मात्र पाणीपट्टीवर. 74 व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि गलिच्छ वस्त्यांची सुधारणा ही कामे नगरपालिकांच्या यादीत घातली. ती पार पाडण्याइतके उत्पन्न त्या यादीबरोबर आले नाही. 1982 पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घरकुल योजनांत घरे मोजली जातात, त्या घरांच्या नळांना आठवड्यातून किती तास पाणी येते याची मोजणी होत नाही. शहराबाहेर भूखंड पडतात, बिगरशेतीचा शिक्का मिळतो, लोक कर्ज काढून घरे बांधतात आणि मग टँकरची वाट पाहतात. वसूल आधी, बांधकाम मागाहून हा अंबरचा क्रम येथे उलटा झाला आहे.

नहर-ए-अंबरीची पुढील कथा याहून वेगळी नाही. धरणाचे पाणी नळाला आल्यावर तिची गरज संपली असे वाटले, आणि देखभाल हे कोणाचेच काम उरले नाही. कोठे इमारतींचे पाये तिच्या पोटात गेले, कोठे रस्त्याच्या खोदाईत नळ फुटले, कोठे सांडपाणी शिरले. तरीही काही भागांत ती अजून झिरपते. मलिक अंबरची कबर तेथून काही कोसांवर, खुलदाबादेत आहे. तिकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या औरंगजेबाच्या थडग्यापाशी थांबतात.