अननसाचा वास शोधणाऱ्या माणसानं पिकांचा अदृश्य शत्रू पकडला

उमरेडच्या खाणपट्ट्यात पानांवर बसलेली कोळशाची धूळ सगळ्यांना दिसते. पण सोयाबीनचं नुकसान करणारा एक वायू दिसतच नाही. त्याला पकडणाऱ्या माणसाचं नाव आरी हाखेन-स्मिट.

जन्म १९०० चा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा. वनस्पतींची रसायनं हा त्यांचा विषय. १९३७ ला ते अमेरिकेत कॅलटेक संस्थेत गेले आणि पुढे चक्क अननसाला वास कशामुळे येतो ते शोधत बसले.

इकडे लॉस एंजेलिसवर १९४३ पासून डोळे झोंबणारं धुरकं उतरू लागलं होतं. आजूबाजूच्या शेतात पालक-बीटची पानं खालून चंदेरी, तांबूस पडायची. सगळ्यांचा संशय गंधकाच्या धुरावर. पण गंधकाच्या वायूचे डाग वेगळे असतात!

मग हाखेन-स्मिट यांनी अननसाचंच यंत्र वापरलं. शहरातली हवा अतिथंड केली, तर हाती लागले तपकिरी, उग्र वासाचे थेंब. पुढे बंद पेटीत रोपं ठेवून पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडला. पानांवर अगदी तेच डाग. म्हणजे गाड्या आणि रिफायनऱ्यांतून निघालेले वायू उन्हात एकमेकांशी भिडतात आणि ओझोन तयार होतो.

तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी हे खोडून काढायचा प्रयत्न केला. हा गडी चिडला. अननस बाजूला ठेवला आणि पुराव्यांवर पुरावे उभे केले. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९७७ ला कर्करोगानं गेले.

किडींची गोष्ट मात्र नंतर उलगडली. कोळसा जाळल्यावर निघणारे सल्फर आणि नायट्रोजनचे वायू आधी शेंगवर्गीय रोपांना दिले, तर त्यावरचा मावा जास्त वेगानं वाढला. हे संशोधन १९८४ चं. किडीला वायू दिलाच नव्हता. बिघडला होता तो झाडाचा रस. ताणातल्या झाडात अमिनो आम्लं वाढतात, माव्याला आयतं जेवण मिळतं.

आता तुमच्या सोयाबीनकडे बघा. ओझोनचे बारीक ठिपके जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधे येतात आणि शिरा हिरव्याच राहतात. धूळ बोटाला लागते, हे ठिपके पुसले जात नाहीत.