गिरणगावचे गुरुजी

तासगावच्या पूर्वेकडील गावांत पाऊस बेभरवशाचा. मृगाने दगा दिला, की रब्बीवर आशा ठेवावयाची आणि रब्बीही हातची गेली, की घरातील एखाद्या कर्त्या मुलाने मुंबईची वाट धरावयाची, असा शंभर वर्षांपूर्वी या भागातील अनेक घरांचा परिपाठ होता. आई फडक्यात भाकरी बांधून देई. वडील वेशीपर्यंत पोचवावयास येत. गाडीवाटेने जवळचे रेल्वे स्थानक गाठावयाचे, पुण्यास गाडी बदलावयाची आणि मुंबईस उतरावयाचे. मुलाच्या हाती एक चिठ्ठी असे. तीवर मुंबईतील एखाद्या गाववाल्याचा पत्ता लिहिलेला असे. परंतु ज्याच्या हाती ती चिठ्ठी असे, त्याला स्वतःला बहुधा ती वाचता येत नसे.

मुंबईत अशी माणसे थोडीथोडकी नव्हती. १९२१ साली झालेल्या जनगणनेत असे दिसून आले, की त्या शहरातील दर शंभर रहिवाशांपैकी ऐंशीहून अधिक जण बाहेरगावी जन्मलेले होते. रत्नागिरी, सातारा, पुणे, कुलाबा, अहमदनगर या जिल्ह्यांतून लोक येत. तासगाव तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. उत्तर हिंदुस्थानातून आणि तेलुगू मुलखातूनही लोक येत. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी होती. त्या भागालाच पुढे गिरणगाव हे नाव पडले.

गावी नांगर धरणाऱ्या हातांना येथे साचा चालवावा लागे. पहाटे भोंगा झाला, की चाळ जागी होई. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे तितके तास राबणे हे कायद्याला मान्य होते! काम मिळणे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे आणि ती मर्जी राखण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. पगार महिन्याने होई आणि तोही हाती उशिरा पडे. तोवर वाणसामान उधारीवर आणावयाचे आणि अडीनडीला सावकाराकडे जावयाचे. सावकार कागद पुढे करी, कामगार त्यावर अंगठा उमटवी. कागदावर किती रुपये लिहिले आहेत, हे सावकारालाच ठाऊक! घर म्हणजे चाळीतील एक खोली. तीत कधी एक कुटुंब, तर कधी पाळीपाळीने झोपणारे गावचे दहा-बारा गडी.

हा माणूस आळशी नव्हता, की दुबळाही नव्हता. तो परमुलखात आला होता, एवढाच त्याचा दोष. त्याच्या अंगची कला येथे उपयोगी पडत नव्हती, येथले कागद त्याला वाचता येत नव्हते आणि येथल्या कारभारात त्याचा शब्द कोणी विचारीत नव्हते. अशा माणसाच्या हाती अक्षर, कसब आणि हक्क या तीन गोष्टी याव्यात, म्हणून एका शिक्षकाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. त्यांचे शिक्षण पुण्यास झाले. १९०१ साली ते बी.ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दरवाजे उघडे असत. परंतु नारायणरावांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. सुमारे आठ वर्षे त्यांनी निरनिराळ्या शाळांत अध्यापन केले. शिकवावे कसे, हे ते या वर्षांत शिकले. पुढे त्यांनी शाळेची नोकरी सोडली. शिकविणे मात्र कधीच सोडले नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. देशसेवा हेच आयुष्याचे काम मानणाऱ्या आणि अल्प वेतनावर संसार चालविण्यास तयार असणाऱ्या सुशिक्षित तरुणांना या संस्थेत प्रवेश मिळे. १९०९ साली नारायणराव समाजाचे सदस्य झाले आणि मुंबई ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन झाली. नारायणराव तिचे चिटणीस झाले आणि पुढे ते नाव व त्या संस्थेचे नाव लोकांच्या मनात एकच होऊन गेले.

परदेशांतही याच सुमारास अशा प्रकारचे काम चालू होते. लंडनच्या गरीब वस्तीत १८८४ साली टॉयन्बी हॉल निघाला. अमेरिकेतील शिकागो शहरात जेन अॅडम्स या बाईंनी १८८९ साली हल हाउस सुरू केले. इटली, पोलंड आदी देशांतून पोटासाठी आलेल्या लोकांना तेथे त्या देशाची भाषा, हस्तव्यवसाय आणि नागरिकत्वाचे पाठ मिळत. मुंबईत समुद्र ओलांडून आलेले लोक थोडे होते. परंतु घाट उतरून आलेल्या माणसालाही ते शहर परदेशाइतकेच अनोळखी वाटे.

लीगने प्रथम वस्त्यांत जाऊन लोकांची स्थिती नीट पाहिली आणि मग एकेक काम हाती घेतले. दिवसाच्या शाळा निघाल्या. त्यांच्या जोडीला रात्रशाळाही निघाल्या. ग्रंथालये व वाचनालये उघडली. लहान मुलांसाठी पाळणाघरे, तरुणांसाठी आखाडे, मुलांसाठी क्लब व बालवीर पथके सुरू झाली. चाळींच्या स्वच्छतेकडे आणि आजाऱ्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष पुरविण्यात आले. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईत हाहाकार उडविला, तेव्हाही लीगचे स्वयंसेवक औषधे घेऊन वस्त्यावस्त्यांतून फिरले.

रात्रशाळेचे काम सर्वांत अवघड होते. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस रात्री पाटीपुढे बसे, तेव्हा त्याचे डोळे मिटू लागत. कापसाच्या तंतूंनी भरलेला घसा खोकत असे. साच्यावरची सुते झटपट सांधणारी बोटे पेन्सिल धरताना अवघडत. काही जण चार दिवस येत आणि पाचव्या दिवशी दिसेनासे होत. कोणाची पाळी बदले, तर कोणी सुगीला गावी जाई. शिकविणाऱ्याला तीच मुळाक्षरे पुन्हापुन्हा गिरवून घ्यावी लागत. परंतु ज्याला स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले, तो पुढे अंगठा उमटविण्यापूर्वी कागद वाचून पाहू लागला. घरच्या पत्रासाठी त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागेना. अक्षरांचे मोल त्याला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

अक्षरांच्या जोडीला कसब हवे होते. कारखान्यात केवळ हमाली करणारा आणि यंत्राचे मर्म जाणणारा यांच्या मजुरीत मोठे अंतर असते. म्हणून लीगने कामगारांना कापडधंद्याचे तांत्रिक शिक्षण देण्याची व्यवस्था केली. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी कामगारांच्या सहकारी पतपेढ्या काढल्या. आपलीच थोडी थोडी बचत एकत्र करावयाची आणि गरजवंताला तीतूनच रास्त व्याजाने कर्ज द्यावयाचे, ही रीत कामगार शिकले. कोर्टकचेरीचे काम पडले, तर गरीब व निरक्षर माणसाला कायद्याचा सल्ला मिळे. पोलीस कोर्टात अशा माणसाची विचारपूस करण्यासाठी लीगचे प्रतिनिधी हजर असत. १९२२ साली परळला दामोदर हॉल उभा राहिला. तेथे व्याख्याने होत आणि नाटकेही होत. कारण कष्टकऱ्यालाही मन असते आणि त्या मनालाही विसावा हवा असतो, हे नारायणराव जाणून होते.

मात्र एक गोष्ट त्यांच्या लवकरच ध्यानात आली. साक्षर झालेल्या माणसालाही उशिरापर्यंत राबावे लागे. कुशल कामगाराचाही हात यंत्रात सापडला, तर त्याला रिकाम्या हाताने गावी परतावे लागे. ही दुःखे शाळेने दूर होणारी नव्हती. त्यासाठी कायदा हवा होता आणि कायदा व्हावयाचा, तर कामगारांनी संघटित झाले पाहिजे होते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तीत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायणराव उपस्थित राहिले. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय तिच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. तिच्या उभारणीत नारायणरावांचा मोठा वाटा होता आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीस होते.

१९२१ साली ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात गेले. परंतु ते निवडून गेले नव्हते. सरकारने कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक केली होती. याचे कारण विचार करण्याजोगे आहे. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, कर आणि घरभाडे यांवरून ठरे. एका खोलीत राहणाऱ्या मजुराजवळ यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. म्हणून ज्या लाखो लोकांच्या वतीने नारायणराव बोलत, त्यांतील बहुतेकांना मतच नव्हते.

विधिमंडळात त्यांनी चिकाटीने काम केले. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी १९२१ सालीच मांडला. तो कायदा व्हावयास पाच वर्षे लागली; १९२६ साली ट्रेड युनियन कायदा संमत झाला. दरम्यान १९२२ साली कामाचे तास दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ असे ठरले. १९२३ साली कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई देणारा कायदा झाला. पुढे १९३४ च्या कायद्याने दिवसाचे काम दहा तासांवर आले. एकेक तास कमी करण्यासाठी किती वर्षे खर्ची पडली, ते यावरून दिसून येईल. नारायणराव सभा गाजविणारे वक्ते नव्हते. ते आकडे गोळा करीत, अहवाल वाचीत आणि शांतपणे, परंतु पुन्हापुन्हा तेच मागत. शिक्षकाची जुनी सवय त्यांना येथेही उपयोगी पडली.

त्यांच्या वाट्याला टीकाही आली. मालकांना ते कामगारांना चिथावणारे वाटत, तर काही जहाल पुढाऱ्यांना ते फार मवाळ वाटत. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये फूट पडली. ज्या संस्थेसाठी त्यांनी इतके कष्ट घेतले होते, तिच्यातूनच त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बाहेर पडावे लागले. दुसरा एखादा खचून गेला असता किंवा सूडाला पेटला असता. नारायणरावांनी काम थांबविले नाही आणि समेटाची वाटही बंद केली नाही. पुढे दुफळी मिटली. १९४० साली सर्वांनी मिळून सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडे सोपविले.

१९३० साली लंडनला गोलमेज परिषद भरली. हिंदुस्थानात मताचा हक्क कोणाला द्यावा, हा तेथे मोठ्या वादाचा प्रश्न होता. निरक्षर आणि निर्धन माणसाला मत देऊन चालणार नाही, असे अनेकांना वाटे. नारायणरावांनी प्रत्येक प्रौढाला मत मिळावे, असा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचीही हीच भूमिका होती. परिषदेने त्या वेळी ती मान्य केली नाही. परंतु देश स्वतंत्र झाला आणि १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा हक्क दिला. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा मतदानाला निघालेल्या गिरणी कामगाराचे मत आणि गिरणीमालकाचे मत सारख्याच मोलाचे होते. हा दिवस नारायणरावांनी आपल्या हयातीत पाहिला. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज गिरणगावातील गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. धुराड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. पूर्वी ज्याला डिलाईल रोड म्हणत, तो रस्ता आता ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो. त्यावरून रोज हजारो माणसे जातात-येतात. हे जोशी कोण, हे त्यांतील थोड्यांनाच माहीत असेल.

परंतु त्यांचे काम संपलेले नाही. पोटासाठी गाव सोडणे अजूनही चालूच आहे. तासगाव, खानापूर, आटपाडी या भागांतील सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारे लोक देशातील दूरदूरच्या शहरांत राहतात आणि तेथील भाषा शिकतात. उलट दुष्काळी भागांतील ऊसतोडणी कामगार सांगली जिल्ह्यातील उसाच्या फडांवर येतात. द्राक्षबागांतही बाहेरगावचे हात राबतात. त्यांची मुले कधी वर्ष मध्यावर आले असता शाळेत येऊन मागच्या बाकावर बसतात. त्यांची बोली निराळी असते, त्यांची पुस्तके निराळी असतात. अशा वेळी आपण त्यांना हसतो, की सरकून जागा देतो आणि आपली वही त्यांच्यापुढे ठेवतो, यावरून आपली परीक्षा होत असते.

परक्या गावी आलेल्या माणसाला भीक देणे सोपे असते. त्याला आपल्या बरोबरीने उभे करणे अवघड असते. ज्याच्या हाती एक न वाचता येणारी चिठ्ठी होती, त्याला ती वाचता यावी, त्याच्या हाताला कसब यावे आणि शेवटी त्याच हाताने त्याने आपले मत द्यावे, यासाठी नारायण मल्हार जोशी यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ वेचला. शाळेची नोकरी सोडलेला हा शिक्षक अखेरपर्यंत शिक्षकच राहिला.